ऑपरेशनची तारीख मुलाच्या रजेवरून ठरवू नका

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका 58 वर्षांच्या, पुण्यात पेठेत राहतात. तीसेक वर्षं घरूनच ब्लाऊज शिवून देतात. हाताखाली एक मुलगी आहे, पण बेतणं आणि हुक-काजं त्या अजून स्वतःच करतात. दोन वर्षांपासून उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय. कात्री चालवताना, किल्ली फिरवताना, बरणीचं झाकण उघडताना कळ येते. केमिस्टकडून पट्टा आणून बांधला, उपयोग झाला नाही. दोन इंजेक्शनं झाली. पहिल्याने तीन महिने बरे गेले, दुसरं गणपतीच्या आधी घेतलं, त्याचा गुण पंधरा दिवसही टिकला नाही. एक्स-रेच्या रिपोर्टवर 'स्टेज 4' आलंय. एक सर्जन म्हणतात, मनगटातलं छोटं हाड काढून टाकू. दुसरे म्हणतात, कृत्रिम सांधा बसवू. दोघांच्या खर्चात बरंच अंतर आहे. बंगळुरूचा मुलगा दिवाळीत आठ दिवस येतोय आणि 'तेवढ्यात उरकून टाकू' म्हणतो. यजमानांचं म्हणणं, या वयात हाताला सुरी कशाला लावायची. शेजारच्या काकूंचा गुडघा बदलला, त्या आता पर्वती चढतात. 'हाड काढलं तर अंगठा लुळा पडेल का? आणि थांबले तर वेळ निघून जाईल का?' असं त्या विचारतात. शुगर बॉर्डरवर आहे आणि रात्री बोटांना मुंग्या येतात, हे पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय.

ताई, नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं सावकाश वाचता येईल. अंगठा लुळा पडत नाही. आणि दिवाळी गेली म्हणून वेळही निघून जात नाही.

मी सर्जन नाही. दुखावलेले हात पुन्हा कामाला लावणं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, हा माझा व्यवसाय. तुमचा हात मी पाहिलेला नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा. पण पत्र वाचताना वाटलं की तुमच्यासमोर जो प्रश्न ठेवला गेलाय तोच जरा वाकडा आहे. 'हे ऑपरेशन की ते, आणि दिवाळीच्या आत सांगा,' असं तुम्हाला विचारलं जातंय. ऑपरेशन आत्ता लागणार आहे का, हे कुणी विचारलेलंच दिसत नाही.

आधी त्या 'स्टेज 4'बद्दल. ते वाचून तुम्ही घाबरलात आणि त्यात तुमचा दोष नाही. स्टेज म्हटलं की आपल्याला कॅन्सरच आठवतो. इथे तसं काही नाही. ईटन आणि लिटलर या दोन सर्जननी 1973 साली या सांध्याचे एक्स-रे चार गटांत मांडले, त्यातला हा चौथा गट. अंगठ्याचं तळहातातलं लांब हाड जिथे मनगटातल्या ट्रॅपेझियम नावाच्या छोट्या हाडावर बसतं, तो सांधा झिजलाय. आणि ट्रॅपेझियमच्या पलीकडचा, मनगटाकडचा सांधाही झिजलाय, एवढाच त्याचा अर्थ. झीज किती आहे ते एक्स-रे सांगतो. दुखतं किती, ते नाही. एक्स-रेत सांधा पार गेलेला आणि बाई निवांत पोळ्या लाटतायत, असे हात मी पाहिलेत. उलट, एक्स-रे बऱ्यापैकी आणि किल्ली फिरवताना डोळ्यांत पाणी, असेही पाहिलेत. म्हणून ऑपरेशन एक्स-रेचं करत नाहीत. दुखण्याचं करतात, तेही बाकीचे उपाय नीट करून झाल्यावर.

आणि तुमचे बाकीचे उपाय नीट झालेले नाहीत, हे मला स्पष्ट दिसतंय.

तो पट्टा घ्या. केमिस्टकडे 'हाताचा पट्टा' मागितला की बहुतेक वेळा मनगटाला गुंडाळायचा इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, अंगठा मोकळाच. त्याने मनगट आवळलं जातं आणि दुखरा सांधा होता तसाच राहतो. 'पट्ट्याने फरक पडला नाही' याचा अर्थ एवढाच की त्या पट्ट्याने फरक पडला नाही. तुम्हाला हवा तो स्प्लिंट अंगठ्याच्या बुडाला धरणारा. त्यातून अंगठ्याचं टोक मोकळं राहतं, मनगटही वाकतं. प्लॅस्टिकचा पत्रा गरम करून तुमच्याच हातावर बेतून तो बनवतात. तुम्ही गिऱ्हाइकाचं माप घेता तसंच. तयार ब्लाऊज आणि मापाचा ब्लाऊज यांतला फरक मी तुम्हाला सांगायला नको. हा स्प्लिंट काम करताना वापरायचा आणि निदान दीड-दोन महिने चिकाटीने वापरायचा. टोचत असेल तर परत जाऊन दुरुस्त करून घ्यायचा. कपाटात ठेवायचा नाही.

सोबत व्यायाम. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण आखडत जाते, ती मोकळी ठेवण्याचा एक. तर्जनीच्या बाजूचा जो मांसल भाग अंगठ्याच्या बुडाला आधार देतो, त्याला ताकद देण्याचा दुसरा. हे एकदा समोर बसून शिकावे लागतात. आणि कुणी मऊ बॉल हातात देऊन 'रोज शंभर वेळा दाबा' सांगितलं असेल तर कृपा करून थांबवा. ज्या दाबाने सांधा दुखतो, तोच दाब तुम्ही व्यायाम म्हणून देत असता. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की मला त्या बॉलचाच राग येतो.

दाब म्हणजे किती, तेही ऐका. कूनी आणि चाओ या संशोधकांनी 1977 साली याचं गणित मांडलं. अंगठ्याच्या टोकाने साधं 1 किलोच्या जोराने काही चिमटीत धरलं, तर बुडाच्या सांध्यावर सुमारे 12 किलोचा भार पडतो. घट्ट मुठीत आवळताना तो 120 किलोपर्यंत जाऊ शकतो. आता तुमची पितळी मुठीची, वजनदार कात्री आठवा. वेळ वाचावा म्हणून तुम्ही अस्तराचे चार पदर एकावर एक ठेवून एकदमच कापत असणार. पैठणीच्या जरीच्या काठातून सुई आरपार काढताना अंगठ्याने रेटा द्यावा लागतो. हुक लावायचं तर ते इवलंसं हुक अंगठा-तर्जनीत घट्ट धरून चारदा टाका घालायचा. एका ब्लाऊजला पाच-सहा हुकं, दिवसाला ब्लाऊज किती, ते तुम्हीच मोजा. तुमचा सांधा नुसता वयाने झिजला नाही. पाळीनंतर बायकांमध्ये हे दुखणं फार आढळतं हे खरं, पण सांधा झिजणं एक आणि त्याच सांध्यावर रोज दाब देत राहणं दुसरं. झिजलेला सांधा पूर्ववत करणं तुमच्या हातात नाही. दाब कमी करणं आहे.

त्यामुळे माझी पहिली चिठ्ठी दुकानाची. रविवार पेठेत शिवणाच्या सामानाच्या दुकानांत कापड कापायच्या इलेक्ट्रिक कात्रीची चौकशी करा. ती नको असेल तर गोल पात्याचा कटर आणि त्याखाली टाकायची मॅट बघा. कात्रीच हवी तर आपोआप उघडणारी स्प्रिंगची घ्या, कारण कात्री उघडतानाही अंगठ्यालाच जोर लावावा लागतो. पदर दोनच ठेवा. सुई ओढायला रबराचं बोटाचं टोपण वापरा. घरात बरणीची झाकणं यजमान उघडतील, कपडे पिळायचे बंद, आणि कणीक मळणं काही महिने दुसऱ्याकडे किंवा यंत्राकडे. दिवाळीत चकलीचा सोऱ्या तुम्ही फिरवणार नाही, हे आत्ताच जाहीर करून टाका. तुमच्या घरातलं कुणीतरी 'विकतच्या आणू' म्हणेल. आणू द्या.

आणि हुक-काजं त्या मुलीला द्या. तुम्ही लिहिलंय, 'तिच्या हाताला सफाई नाही.' तुमच्या हाताला तरी पहिल्या वर्षी कुठे होती?

हे सगळं कशासाठी सांगतेय? नेदरलँड्समध्ये या दुखण्याच्या रुग्णांना आधी नीट स्प्लिंट आणि थेरपी दिली आणि पुढे सुमारे दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा ऑपरेशनपर्यंत गेलेले सुमारे 15 टक्केच निघाले. डच बाई तुमच्याइतके ब्लाऊज शिवत नसेल, तेव्हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावत नाही. पण ज्या पायरीवरून बहुतेक लोक परत फिरतात, ती पायरीच तुम्ही चढलेली नाही. तीन महिने हे प्रामाणिकपणे करा. दुखऱ्या जागी लावायची डायक्लोफिनॅकची जेल चालेल. गोळ्या मात्र पोट, किडनी आणि रक्तदाब यांचा विचार करून डॉक्टरांना विचारूनच, रोजच्या रोज नकोत.

इंजेक्शनबद्दल थोडं. स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखणं काही आठवडे-महिने दाबतं, झीज भरून काढत नाही. शुगर बॉर्डरवर असेल तर काही दिवस ती वरही जाते. आणि तुमच्या बाबतीत महत्त्वाचं हे, की इंजेक्शननंतर लगेच त्याच जागी ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून बरेच सर्जन मध्ये साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात. तुम्ही दुसरं घेतलंत गणपतीच्या आधी. दिवाळीचं ऑपरेशन या एका कारणानेसुद्धा घाईचं ठरतं. दोन्ही सर्जनना इंजेक्शनची तारीख सांगितली होती का? नसेल तर सांगा.

आता ती ओझरती ओळ. 'रात्री अंगठा आणि पहिल्या बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं.' ताई, हे पत्राच्या शेवटी नाही, सुरुवातीला लिहायला हवं होतं. हे सांध्याचं लक्षण नाही. मनगटात नस दाबली जाते त्याचं, कार्पल टनेलचं, हे वर्णन आहे. हे दोन्ही आजार एकाच हातात बऱ्याचदा सोबत आढळतात. सांध्याच्या उपचाराला थोडा उशीर झाला तरी चालतो; दाबलेल्या नसेला मात्र वर्षानुवर्षं थांबवून ठेवू नये, कारण बधिरपणा कायमचा झाला किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होत गेला की ते पूर्ण भरून येईलच असं नाही. पुढच्या भेटीत हे पहिलं वाक्य म्हणून सांगा. नसेची तपासणी, एनसीव्ही, करायला सांगतील. ऑपरेशन करायचं ठरलंच तर नस मोकळी करण्याचं कामही त्याच वेळी होऊ शकतं. घाई करायचीच असेल तर या तपासणीची करा.

समजा तीन महिने झाले, सगळं केलं आणि तरी रात्री दुखण्याने जाग येते, कात्री हातात धरवत नाही. मग ऑपरेशनचा विचार जरूर करा. यजमानांना सांगा, 'या वयात' हे कारण इथे उलटं लागू पडतं. हे ऑपरेशन मुख्यतः तुमच्याच वयाच्या आणि त्याहून मोठ्या बायकांचं होतं. बहुतेकदा फक्त हात बधिर करून होतं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

दोन सर्जन दोन गोष्टी सांगतात म्हणजे एक जण लुबाडतोय, असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं असेलच असं नाही. या सांध्याच्या बाबतीत जगभरचे सर्जनच एकमताचे नाहीत.

हाड काढायचं ऑपरेशन जुनं आणि पारखलेलं आहे. जर्विस यांनी ते 1949 साली मांडलं. झिजलेलं ट्रॅपेझियमच काढून टाकतात. घासायला समोर हाडच उरत नाही, म्हणून दुखणं जातं. मोकळ्या जागेत शरीर स्वतःच घट्ट तंतूंची गादी तयार करतं आणि अंगठा तिच्यावर तोलला जातो. तो किंचित आखूड होतो, सहसा पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. लुळा होत नाही, कारण अंगठा हलवणारे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या सगळ्या जागच्या जागी असतात. काही सर्जन मनगटाच्या स्नायूची एक दोरी चिरून, तिचा पट्टा अंगठ्याच्या हाडातून ओवून आधार देतात. बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी 1986 साली ही रीत लोकप्रिय केली. ऐकायला हे जास्त भक्कम वाटतं. पण कॉक्रेन या, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात 11 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा दुखणं किंवा हाताचं काम यांत कुठलीही एक पद्धत दुसरीपेक्षा सरस आहे असं दाखवता आलं नाही. तेव्हा सर्जनला ज्या पद्धतीचा हात बसलाय, तीच त्यांना करू द्या. 'दोरी ओवणार का' यावर वाद घालू नका.

कृत्रिम सांध्यात ट्रॅपेझियम ठेवतात, त्यात छोटी वाटी बसवतात आणि अंगठ्याच्या हाडात दांडा. युरोपात, विशेषतः फ्रान्सकडे, याचं प्रस्थ बरंच आहे. अंगठ्याची लांबी राहते, हात लवकर कामाला लागतो, हे खरे फायदे. तोटा असा की वाटी सैल होऊ शकते, सांधा निखळू शकतो, आणि इम्प्लांट महाग. पण तुमच्यासाठी खरा प्रश्न वेगळाच आहे. रिपोर्ट म्हणतो स्टेज 4, म्हणजे ट्रॅपेझियमच्या दुसऱ्या बाजूचा सांधाही गेलाय. कृत्रिम सांधा फक्त एका बाजूचं दुखणं घालवतो. हाड काढलं की दोन्ही बाजूंचं घासणं थांबतं. दोन सर्जनच्या मतांतला फरक कदाचित इथेच असेल. सांधा सुचवणाऱ्यांना थेट विचारा: 'पलीकडचा सांधाही खराब आहे असं रिपोर्टात आहे. तो दुखत नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?' त्यांच्याकडे उत्तर असेलही. ते ऐका.

आणखी एक लक्षात ठेवा. कृत्रिम सांधा पुढे बिघडला तर तो काढून हाड काढायच्या ऑपरेशनवर येता येतं. एकदा हाड काढलं की सहसा मागे फिरता येत नाही. स्प्लिंटनंतर मात्र सगळेच रस्ते उघडे असतात.

सांधा जोडून टाकण्याचं तिसरं ऑपरेशन कुणी सुचवलं तर तुम्ही नाही म्हणा, असं मी चक्क सांगते. तरुण, जड काम करणाऱ्याला ते कधीकधी योग्य असतं. पण त्यानंतर तळहात टेबलावर पूर्ण सपाट टेकत नाही. कापड पसरून तळव्याने सुरकुती काढल्याशिवाय तुम्ही कात्री लावता का?

आता शेजारच्या काकू आणि पर्वती. गुडघ्याचं आणि याचं गणित एक नाही. गुडघा बदलला की दुसऱ्या दिवशी उभं करतात, चालणं हाच व्यायाम. अंगठ्याचं ऑपरेशन दुखणं घालवण्यासाठी आहे, ताकद परत आणण्यासाठी नाही. दुखणं बहुतेकांचं खूप कमी होतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. दुखत नाही म्हणून हाताचा वापरही वाढतो. पण विशीतली चिमूट परत येत नाही. पुढेही घट्ट झाकणं आणि चार पदरांची कात्री नकोच. म्हणजे वर सांगितलेली दुकानाची चिठ्ठी ऑपरेशन करा वा न करा, लागणारच आहे. आजपासून ती वापरायला हरकत काय?

हाड काढल्यानंतरचा काळ साधारण असा जातो. टाके दोन आठवड्यांच्या सुमारास निघतात. प्लास्टर किंवा स्प्लिंट मिळून चार ते सहा आठवडे. मग थेरपी. हलकी कामं करायला तीन महिने धरा, आणि ताकद सहा महिने ते वर्षभर हळूहळू येत राहते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'उगाच केलं' असं अनेकांना वाटतं; तेव्हा हात सुजलेला असतो, दुखतोही आणि कामाचाही नसतो. तो काळ जातो. जखमेजवळ अंगठ्याच्या पाठीवर थोडी बधिर जागा राहू शकते. पण हात प्रमाणाबाहेर सुजला, तांबूस-चकचकीत झाला, नुसता स्पर्शही सहन होईना, किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवायचं. दुचाकी चालवत असाल तर अॅक्सिलरेटर उजव्या हातात आहे हे विसरू नका. सर्जननी परवानगी देईपर्यंत रिक्षा.

म्हणूनच मुलाची ती आठ दिवसांची रजा. पोराची कळकळ खरी आहे, पण हिशोब चुकलाय. पहिले आठ दिवस तुम्ही हात उंच ठेवून बसलेल्या असता, गोळ्या चालू असतात, बघायला येणारे डबे घेऊन येतात. कठीण असतात पुढचे पाच आठवडे. एका हाताने वेणी, एका हाताने आंघोळ, एका हाताने कुकर, आणि तोवर मुलगा बंगळुरूला परतलेला. त्याला सांगा, यायचं तर प्लास्टर निघतं त्या सुमारास ये. आणि तिकिटापेक्षा दीड-दोन महिन्यांच्या स्वयंपाकाच्या बाईंचा पगार पाठव. यजमानांना चहाखेरीज काय करता येतं, याची चाचणीही आधी घ्या, नंतर नको.

धंद्याचा विचार करूनही दिवाळी वाईटच. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, आणि तुम्ही नेमक्या प्लास्टरमध्ये. करायचंच ठरलं तर उन्हाळ्याची लग्नं आटोपल्यावर, आषाढाच्या तोंडावर करा. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी त्या वर्षी मुलीच्या हातून जातील, तुम्ही बसून देखरेख करा. तोवर शुगरही ताब्यात आणता येईल. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी करून घ्या, वाढलेल्या शुगरवर जखम नीट भरत नाही.

खर्चाचं एवढंच: दोन्हीकडून लेखी अंदाज घ्या आणि त्यात इम्प्लांट, भूल, स्प्लिंट आणि नंतरची थेरपी धरली आहे का ते बघा, थेरपी हमखास वगळलेली असते, आणि तिच्याशिवाय ऑपरेशन अर्धंच. विमा असेल तर सांधेझिजेच्या ऑपरेशनला सुरुवातीची काही वर्षं थांबावं लागतं अशी अट पॉलिसीत बऱ्याचदा असते. ते पान आधी वाचा. तिसरं मत हवं आणि पैसे मोजायचे नसतील तर ससूनच्या ऑर्थोपेडिक ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. अर्धा दिवस जाईल, डबा घेऊन जा.

भेटीला जाण्याआधी घरी एक गोष्ट बघा. अंगठा आणि तर्जनीत जाड पुठ्ठा घट्ट धरा आणि अंगठ्याच्या मधल्या सांध्याकडे बघा. तो मागच्या बाजूला वळतो का? बुडाचा सांधा बसला की मधला कधीकधी असा उलटा वळायला लागतो. तसं असेल तर सर्जनना दाखवा आणि त्याचं काय करणार विचारा, कारण तो फार वळत असेल तर त्याचीही दुरुस्ती त्याच वेळी करावी लागते; नुसतं बुडाचं ऑपरेशन करून भागत नाही. मोबाइलवर यजमानांकडून फोटो काढून न्या. आणि कात्री पिशवीत टाका. डॉक्टरांच्या टेबलावर ती धरून दाखवली की 'कुठे दुखतं' हे तुम्हाला शब्दांत सांगत बसावं लागणार नाही. शिवाय वर्षाला किती सर्जरी या सांध्याच्या करता, तेही विचारा. न रागावता उत्तर देतील त्यांच्याकडेच करून घ्या.

ज्यांचं काम वेगळं पण अंगठा असाच दुखतो, पोळीभाजी केंद्रातल्या, पार्लरमधल्या, दिवसभर मोबाइलवर अंगठा चालवणाऱ्या, त्यांनी कात्रीच्या जागी आपापलं हत्यार घालून हे वाचावं. फक्त एक तपासून घ्या. दुखणं बुडाशी नसून मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या रेषेत वर चढत असेल, किंवा सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहत असतील, तर तो आजार वेगळा आणि त्याचे उपचारही वेगळे. मग हे पत्र बाजूला ठेवून आधी तपासणी.

तर ताई, या आठवड्यात तीन फोन: नसेच्या तपासणीसाठी डॉक्टरांना, स्प्लिंटसाठी हँड थेरपिस्टला, आणि रजा पुढे ढकल म्हणून मुलाला. तिसरा यजमानांसमोर स्पीकरवर लावा, म्हणजे दोघांना वेगवेगळं समजावत बसायला नको.